ज्ञानाच्या वहीत रयतेचे नाव

(हेदवी, जिल्हा रत्नागिरी येथे ग्रामस्थ व शिक्षक यांच्या सभेत झालेले भाषण)



आम्ही बोलावे म्हणून जो विषय आपण नेमून दिला आहे, तो कानाला मोठा जड लागतो. विद्यापीठांत व वस्तुसंग्रहालयांत साठवलेल्या ज्ञानावरची परक्या सत्तेची पकड सुटावी कशी, हा तो विषय होय. कोणी म्हणेल, विद्यापीठ राहिले मुंबईस, संग्रहालय राहिले लंडनास. नांगर आणि जाळे धरणाऱ्या हेदवीकरांचा त्याच्याशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. तिकडे काचेच्या कपाटात ज्ञान म्हणून जे ठेवले आहे, त्यातले पुष्कळसे आपल्याच घरातून गेलेले आहे. ते गेले कसे, कोणाच्या नावावर गेले आणि परत मागायचे म्हणजे नेमके काय मागायचे, एवढेच आज आम्ही सांगणार आहो.

प्रथम सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट घेऊ. २०२४ च्या जुलै महिन्यात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखे साताऱ्यास आली. मोठा समारंभ झाला. शिवछत्रपतींचे नाव निघाले की ज्याचा ऊर भरून येत नाही असा मराठी माणूस विरळा. पण समारंभाच्या गर्दीत दोन गोष्टी मागे पडल्या. एक, ही वाघनखे कायमची परत मिळाली नाहीत; तीन वर्षांच्या बोलीने उसनी आली. दुसरी, शिवरायांनी अफझलखानावर चालवली ती हीच, असे ते म्युझियम स्वतः ठामपणे सांगत नाही. त्या वाघनखांच्या पेटीवर इंग्रजीत चार ओळी आहेत. साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याला ती पेशव्यांच्या प्रधानाकडून मिळाली, असे त्या ओळी म्हणतात. आपल्या राजाच्या हत्याराची ओळख पटवायला साहेबाच्या पेटीवरच्या ओळीपलीकडे आपल्या हाती काही नाही! कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी याविषयी उघड शंका घेतली, तेव्हा उत्तर देण्यापेक्षा रागावणारेच अधिक निघाले.

पुढे २०२५ साली नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र सरकारने सुमारे ४७ लाख रुपये मोजून ती घेतली. आपली वस्तू आपणच विकत घ्यायची, हा व्यवहार चमत्कारिक खरा. पण ती परक्याच्या दिवाणखान्यात जाण्यापेक्षा हे बरे झाले.

परत मिळणे अशक्य आहे असेही नाही. त्याचा दाखला आपल्या रत्नागिरीच्या इतिहासाशी जोडलेला आहे. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत करून आपल्या जिल्ह्यात आणून ठेवले. तो १९१६ साली रत्नागिरीतच वारला. त्याचा राजवाडा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या मंडालेच्या वाड्यातून लुटलेली रत्नजडित राजचिन्हे याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये गेली होती. १९६४ साली ती ब्रह्मदेशाला परत दिली गेली. तेव्हा मागणारा ठाम असला म्हणजे कपाटाची कुलपे निघतात.

वस्तू याव्यात, याबद्दल आमचा वाद नाही. पण वस्तू पेटीत घालून परत आणता येते. ज्ञानाचे तसे नाही. ज्ञान नेताना घरातली वस्तू कमी होत नाही, म्हणून चोरी झाली हे घरधन्याला कळतही नाही. जाते ते फक्त नाव. सांगणारा एक असतो आणि नाव दुसऱ्याचे लागते. आमच्या मते या साऱ्या प्रकरणाचे मूळ तेथे आहे.

याचा पुरावा म्हणून एक पुस्तक सांगतो. त्याचा संबंध थेट आम्हा शाळामास्तरांशी आहे. इंग्रजी अमदानीत जॅक्सन नावाचे एक सिव्हिलियन अधिकारी होते. १९०९ च्या डिसेंबरात नाशिकला कलेक्टर असताना अनंत कान्हेरे यांनी ज्यांच्यावर गोळी झाडली तेच हे. त्यांना लोकांच्या चालीरीती, दैवते, समजुती जमवण्याचा नाद होता. त्यांनी प्रश्नांची एक यादी तयार करून ती मुंबई इलाख्यातील गावोगावच्या शाळामास्तरांकडे धाडली. पाऊस लांबला तर गावकरी काय करतात? गावाच्या सीमेवर कोणता देव असतो? दृष्ट कशी काढतात? मास्तरांनी उत्तरे लिहून पाठवली. जॅक्सन यांच्या मागे एंथोव्हेन साहेबांनी ते कागद जुळवले, आणि गुजरातचा भाग १९१४ साली व कोकणचा भाग १९१५ साली इंग्रजीत छापून निघाला. आज जगातल्या कोणत्याही विद्यापीठात कोकणच्या लोकसमजुतींवर लिहायचे झाले तर ते पुस्तक उघडावे लागते.

ते उघडले म्हणजे पानाच्या तळाला आधार दिलेले दिसतात. तेथे काय असते? 'स्कूल मास्तर, दाभोळ'. 'स्कूल मास्तर, मिठबाव'. एखाद्या रावसाहेबाचे नाव छापलेले सापडते, कारण त्याला सरकारने पदवी दिली होती. मास्तराला मात्र नाव नाही. त्याच्या गावाला आहे. जॅक्सन यांचे नाव आहे, एंथोव्हेन यांचे आहे, छापखान्याचे आहे. पण खाडीपलीकडच्या दाभोळचा तो मास्तर, ज्याने रात्री दिव्याजवळ बसून बोरूने ती उत्तरे लिहिली, तो कोण होता हे त्या पानावरून कोणाला कळायचे नाही.

आता येथे थांबलो तर आम्ही आपल्या जातभाईंची, म्हणजे मास्तरांची, कड घेतली असे होईल. म्हणून एक पायरी खाली उतरू. त्या मास्तराला हे सारे सांगितले कोणी? समुद्राची पूजा कशी होते हे त्याला खारव्याने किंवा गाबिताने सांगितले असणार. गावच्या सीमेवरचा देव महाराने दाखवला असणार. कारण जुन्या काळी दोन गावांत सीमेचा तंटा पडला म्हणजे सीमा चालून दाखवण्याचा मान आणि जोखीम महाराचीच असे. पेरणीच्या वेळचा विधी कुणब्याने सांगितला असेल, बाळंतिणीचे उपचार सुइणीने. त्यांची तर गावेही तळटीपेत आली नाहीत. साहेबाने मास्तराचे नाव गाळले. मास्तराने रयतेचे गाळले. अशी ही उतरंड आहे. सर्वांत वरच्या मडक्यावर साहेबाचे नाव रंगवलेले, आणि सगळा भार सोसणारे सर्वांत खालचे मडके बिननावाचे.

साहेबाने हा खटाटोप का केला, हेही समजून घेतले पाहिजे. त्यात जिज्ञासा होती, हे आम्ही नाकारत नाही. १८८० साली निघालेले रत्नागिरी जिल्ह्याचे गॅझेटिअर आजही उपयोगी पडते. पण राज्य करायचे तर माणसे मोजावी लागतात, जाती खणांत घालाव्या लागतात. रिस्ले साहेबांनी तर लोकांची नाके मोजली आणि नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा सिद्धांत मांडला! त्याला सायन्स म्हणत. या सायन्सचे पितळ उघडे पाडणारा पुरुष आपल्याच जिल्ह्यातल्या, मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावच्या घराण्यातला निघाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळ उत्पत्तीवर ग्रंथ लिहिला, आणि नाकांच्या मोजमापाचेच आकडे घेऊन दाखवून दिले की, ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे वंश वेगळे ठरत नाहीत. साहेबाचे ज्ञान जाळून टाकावे असे बाबासाहेब म्हणाले नाहीत. त्यांनी ते तपासले आणि उलट त्याच्याच गळ्यात घातले. ज्ञान मुक्त करण्याचा आम्हाला पटणारा मार्ग तो हा.

परंतु सगळे खापर साहेबाच्या डोक्यावर फोडून मोकळे होणे आम्हाला मान्य नाही. साहेब येण्यापूर्वी आपल्याकडे ज्ञानाचे दरवाजे सताड उघडे होते काय? पुण्यास पेशवे श्रावणमासात ब्राह्मणांना दक्षिणा वाटीत. राज्य बुडाल्यावर एल्फिन्स्टन साहेबांनी तो पैसा पुढे चालू ठेवला आणि त्यातूनच १८२१ साली पुण्यास संस्कृत पाठशाळा निघाली. तेथे शिकणार कोण? शास्त्रे पढणारे ब्राह्मण. पैसा कोणाचा? शेतसारा भरणाऱ्या रयतेचा. म्हणजे परक्या राज्यकर्त्याने जुन्या मक्तेदाराशी सोयरीक केली आणि वऱ्हाडाचा खर्च कुणब्याच्या खात्यावर मांडला. १८४९ साली लोकहितवादींसारख्या काही सुधारक ब्राह्मणांनीच अर्ज केला की, हा पैसा मराठी ग्रंथांकडे वळवावा. तेव्हा पुण्यात केवढा गदारोळ झाला. आम्ही जातीने कोणाला शत्रू मानत नाही, हे यावरून ध्यानात यावे. आमचे भांडण मक्तेदारीशी आहे.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. पंचवीस वर्षांनी, १८८२ साली, हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. त्याचा आशय असा की, सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. आधी गावच्या प्राथमिक शाळा काढा. ज्ञानाला दोन कुलपे होती, एक इंग्रजीचे आणि एक संस्कृताचे. दोन्ही किल्ल्या रयतेच्या हातात नव्हत्या. पुढे शाहू छत्रपतींनी १९०२ साली नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखल्या आणि १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. आज शाळेत आम्ही बहुजनसमाजाची मुले मास्तर म्हणून उभी आहो, ती या थोरांच्या पुण्याईने.

ही झाली जुनी कुलपे. आता आजच्या काळात येऊ. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर 'भारतीय ज्ञान प्रणाली' नावाचा विषय विद्यापीठांत आला. विद्यार्थ्याने आपल्या एकूण श्रेयांकांपैकी निदान पाच टक्के या विषयात मिळवावेत, अशी सूचना विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ साली काढली. ऐकायला गोड आहे. पण आमचा प्रश्न असा की, या ज्ञानाला भारतीय म्हणायचे ते कोणत्या परीक्षेने? संस्कृत पोथीत सापडले तर भारतीय, आणि नाखव्याच्या तोंडी सापडले तर अडाण्याची समजूत, असा न्याय होणार असेल, तर साहेब जाऊन जुना मक्तेदार परत गादीवर बसला, एवढाच त्याचा अर्थ.

नाखव्याच्या ज्ञानाचे उदाहरण देतो. आपल्या बामणघळीत भरतीचे पाणी फुटून उंच उसळते ते पाहायला लांबून लोक येतात. पुष्कळजण ओहोटीला येतात आणि हिरमुसून जातात. त्यांनी किनाऱ्यावरच्या कोणा जाणत्याला विचारले असते तर त्याने तिथी विचारून वेळ सांगितली असती. तिथीची पाऊणपट करावी, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार त्रिक पाऊण म्हणजे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. बंदराप्रमाणे थोडा फरक पडतो, तोही त्याला माहीत असतो. चंद्र रोज पाऊण तासाच्या सुमाराने उशिरा येतो, त्याचे हे गणित. उधाण कधी, भांग कधी, हे ज्याला कळत नाही त्याचे जाळे रिकामे येते आणि कधी होडीही येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जिवावर उदार होऊन पडताळलेले हे शास्त्र. याला कोणत्या विद्यापीठाने श्रेयांक दिले?

कागदाचे माहात्म्य किती, हे हळदीच्या प्रकरणावरून दिसले. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपीच्या विद्यापीठाला हळदीने जखम भरण्याच्या गुणावर पेटंट मिळाले. कोणाही आजीला विचारावे, चिमूटभर हळद तिने जखमेवर किती वेळा दाबली असेल! पण आजीची साक्ष पेटंटाच्या कचेरीत चालत नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने जुने छापील व लिखित आधार शोधून पुढे केले, तेव्हा १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. त्यांचे उपकार आहेतच. पण यातला धडा असा की, जे लिहिले गेले ते वाचले. जे कातकऱ्याच्या आणि वैदूच्या तोंडीच राहिले, त्याला कोणी वाली नाही.

येथे एक कायद्याची बाबही सांगून ठेवतो. २००२ चा जैवविविधता कायदा म्हणतो की, वनस्पतींच्या लोकज्ञानाचा व्यापारी उपयोग करणाऱ्याने त्या लोकांना लाभात हिस्सा द्यावा. २०२३ साली त्यात दुरुस्ती झाली. जे ज्ञान ग्रंथांत लिहिलेले आहे, त्याचा उपयोग करणाऱ्याला या हिश्श्यातून सूट मिळाली. म्हणजे एकच मुळी पोथीतही असेल आणि कातकऱ्याच्या झोळीतही असेल, तर पोथीकडे बोट दाखवून कारखानदार सुटेल. झोळीवाल्याची कोठे नोंदच नसेल, तर त्याने भांडावे तरी कशाच्या जोरावर?

कातळशिल्पांचे पाहा. आपल्या जिल्ह्यातल्या सड्यांवर हत्ती, मासे, माणसे, कोडी अशी शेकडो चित्रे जांभ्यात कोरलेली आहेत. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवी हसोळ, बारसू, देवाचे गोठणे ही आपल्या जिल्ह्यातली ठिकाणे, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले फणसईमाळ, अशी नऊ ठिकाणे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आदी मंडळींनी सडे पालथे घालून, गावोगावच्या वयस्कांना विचारून ही चित्रे उजेडात आणली. त्यांना धन्यवाद देऊ तेवढे थोडे. परंतु 'शोध लागला' हा शब्द वर्तमानपत्रात वाचला की आम्हाला हसू येते. ज्या गुराख्याची गुरे रोज त्या हत्तीच्या पाठीवरून चरत होती, त्याला तो हत्ती ठाऊक नव्हता काय? गावाने त्याला नाव दिलेले होते, गोष्ट दिलेली होती. गोष्ट खरी असेल किंवा नसेल. पण संग्रहालयाच्या पाटीवर शास्त्रज्ञांच्या अनुमानाशेजारी त्या गोष्टीला आणि त्या दाखवणाऱ्या गुराख्याला दोन ओळी मिळाव्यात, एवढे मागणे गैर आहे काय?

संग्रहालयांच्या दारावरची नावे आपण बदलली. भायखळ्याचे १८७२ साली उघडलेले व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला १९९८ साली छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. उत्तम झाले. पण दारावरचे नाव बदलणे सोपे. आतल्या पाटीवरचे कठीण. भायखळ्याच्या संग्रहालयात निरनिराळ्या जातींच्या व धंद्यांच्या लोकांच्या मातीच्या लहान मूर्ती आहेत. कोष्टी कसा दिसतो, कोळी कसा दिसतो, हे दाखवायला त्या केल्या. जात दाखवली, धंदा दाखवला, पागोटे दाखवले. माणसाचे नाव नाही. आपल्या गावच्या दशभुज गणेशाच्या देवळाचेही तेच. पेशव्यांचे साहाय्य सांगतात, केळकर स्वामींची तपश्चर्या सांगतात. ज्यांनी दगड घडवले आणि चढण चढून खांद्यावरून वर आणले, त्यांची नावे कोणत्या बखरीत आहेत?

आता कोणी विचारील, हे सारे करून दाखवलेले एक तरी उदाहरण आहे काय? आहे. गी पॉइटवां नावाचे फ्रान्समध्ये जन्मलेले आणि पुढे भारताचे नागरिक झालेले गृहस्थ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर, या दोघांनी पुण्यास राहून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक हजाराहून अधिक गावे आणि एक लाखाहून अधिक ओव्या! महत्त्वाचे हे की, ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गाव यांची नोंद ठेवली. 'एक खेडवळ स्त्री' असे लिहून त्यांनी वेळ मारून नेली नाही. २०१७ पासून त्या ओव्या परीच्या, म्हणजे ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहाच्या, द्वारे लोकांपुढे येत आहेत. ओवी रचणारीला लिहिता येत नव्हते, पण तिचे नाव आज जगाला वाचता येते. येथे कातडीचा रंग आडवा आला नाही. गोरा माणूस सांगणाऱ्याचे नाव ठेवू शकतो आणि सावळा माणूस ते गाळू शकतो.

हे शेवटचे वाक्य आम्ही मुद्दाम बोललो. आज विद्यापीठांच्या समित्यांवर, अनेक खुर्च्यांवर, बहुजनसमाजातली माणसे बसलेली आहेत. त्याचा आम्हाला अभिमान आहे. परंतु आमच्या पाहण्यात असेही आले आहे की, संशोधक गावात येतो, चार दिवस राहतो, म्हाताऱ्या तांडेलाकडून माशांची आणि वाऱ्यांची नावे उतरवून घेतो, आणि नंतर प्रबंध इंग्रजीत लिहून पदवी घेतो. प्रबंधाची प्रत गावाला येत नाही. तांडेलाचे नाव 'माहितीदार क्रमांक सात' होते. हा संशोधक आपलाच, आडनाव आपलेच. रीत मात्र १९१५ सालची. खुर्ची मिळवून आपण साहेबाचीच वही पुढे चालवणार असू, तर फुल्यांनी एवढा खटाटोप कशासाठी केला?

दुसऱ्या बाजूचा एक धोकाही सांगितला पाहिजे, नाहीतर सत्यशोधक म्हणवून घेण्याचा आम्हाला अधिकार नाही. आजोबांनी सांगितले म्हणून ते खरेच, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. विंचवाचे पाहा. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे पटापट मरत. मंत्र होते, उतारे होते, माणसे मरतच होती. महाडच्या बाजूला सरकारी दवाखान्यात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रोग्यांच्या उशाशी रात्री जागून त्या विषाचा हृदयावरचा परिणाम टिपला आणि प्राझोसिन या औषधाने जीव वाचतात हे दाखवले. लंडनच्या 'लॅन्सेट' मासिकाने १९८० नंतरच्या दशकात त्यांचे लेख छापले. ते ज्ञान कोकणातच जन्मले आणि कसोटीला उतरले. तेव्हा साप-विंचू चावला तर मुलाला दवाखान्यातच नेले पाहिजे, हे आम्ही वर्गात सांगतो आणि येथेही सांगतो. मंत्राची नोंद जरूर ठेवावी. त्यावर विसंबून जीव घालवू नये. लोकांचे ज्ञान तपासू नये असे नाही. तपासण्यापूर्वीच ते हलक्या जातीचे म्हणून टाकून देऊ नये, इतकेच आमचे म्हणणे.

आता कोणी शेतकरी बंधू उठून विचारील, "मास्तर, नाव लिहून पोट भरते काय?" प्रश्न रोखठोक आहे, म्हणून उत्तरही रोखठोक देतो. नावामागे हक्क येतो. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याप्रमाणे शेतकऱ्याने राखलेले भाताचे वाण त्याच्या किंवा गावाच्या नावे नोंदवता येते. पटणी, वरंगळ, मुणगा, वालय ही नावे आता कितीजणांच्या कणगीत उरली आहेत? ज्या घराने एखादे वाण खाऱ्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या टिकवून धरले, त्या घराचे नाव नोंदलेले असेल तर उद्या कोणी त्यापासून नवे बियाणे काढले तरी त्या घराला विचारावे लागेल. नोंद नसेल तर तेच बियाणे पिशवीत घालून आपल्यालाच विकले जाईल, आणि आपण रांगेत उभे राहून घेऊ.

म्हणून या सभेपुढे आम्ही एक सूचना ठेवतो. २००२ च्या त्याच कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असावी आणि तिने लोकांच्या ज्ञानाची नोंदवही ठेवावी, असे ठरवले आहे. ती वही तालुक्याच्या गावी बसून कोणा ठेकेदाराने भरली, तर तिची किंमत रद्दीइतकीच. हेदवीची वही हेदवीने भरावी. शाळेची वरच्या वर्गांतली मुले घरोघर जातील, विचारतील आणि लिहितील. आम्ही शिक्षक ती तपासू. मात्र चार नियम पाळावेत.

पहिला नियम, सांगणाऱ्याचे पूर्ण नाव, वाडी आणि तारीख लिहावी. त्याची संमती असेल तरच. बाईने सांगितले तर बाईचेच नाव लिहावे, तिच्या नवऱ्याचे नव्हे. दुसरा, सांगणारा ज्या बोलीत बोलला त्याच बोलीत लिहावे. आमच्यासारख्या मास्तरांना शुद्ध करण्याची खोड असते, ती येथे आवरली पाहिजे. मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या मराठीत खारव्याची आणि कुणब्याची बोलीही येते. तिसरा, जे सांगणाऱ्याला गुप्त ठेवायचे आहे ते गुप्त राहावे. दुर्मिळ मुळीची जागा छापली तर दुसऱ्या दिवशी तेथे खड्डा दिसेल. देवरहाटीतल्या गोष्टींबाबत गावाला विचारल्याशिवाय अक्षरही बाहेर जाऊ नये. चौथा, बाहेरचा कोणी संशोधक आला, मग तो लंडनचा असो, मुंबईचा असो की चिपळूणचा असो, त्याने आधी ग्रामसभेला भेटावे, आणि जे लिहील त्याची मराठी प्रत शाळेत आणून द्यावी. मराठीत देणे जमत नसेल तर आमच्याकडून काही नेणेही त्याला जमू नये.

विद्यापीठांनाही आमचे एक मागणे आहे, आणि ते पैशाचे नाही. रत्नागिरी जिल्ह्यावर जे प्रबंध आजवर लिहिले गेले, त्यांचा सारांश मराठीत करून त्या त्या गावच्या शाळेत पाठवावा. 'भारतीय ज्ञान प्रणाली' शिकवायचीच असेल तर वर्षातून काही तास नाखव्याला, सुइणीला, जुन्या पाथरवटाला वर्गात बोलवावे आणि प्राध्यापकाला जे मानधन देता तेच त्यांना द्यावे. ते खुर्चीवर बसतील आणि विद्यार्थी समोर बसून लिहून घेतील. हे दृश्य ज्या दिवशी दिसेल, त्या दिवशी विद्यापीठ आपले झाले असे आम्ही समजू.

बंधु-भगिनींनो, वाघनखे मुदत संपली म्हणजे परत जायची. तिकडून काय येते याची वाट पाहत बसण्याची आपल्याला गरज नाही. या घटकेला आपल्या गावात सत्तरी-ऐंशी ओलांडलेली जी माणसे आहेत, त्यांच्याजवळ जे आहे ते कोणत्याही म्युझियमात नाही आणि लिलावात विकत मिळायचे नाही. ती माणसे आपल्यात आहेत तोवर वही उघडली पाहिजे. वही आम्ही बरोबर आणली आहे. ती ग्रामपंचायतीच्या स्वाधीन करतो. पहिल्या पानावर कोणाचे नाव लिहायचे ते या सभेने आजच ठरवावे, एवढी विनंती करून आम्ही खाली बसतो.